माळशेजची न आलेली रेल्वे आणि एक रेफरी

कल्याणहून माळशेजकडे निघालेली एसटी मुरबाड, सरळगाव मागे टाकून टोकावड्याला येते, तेव्हा समोर सह्याद्रीची सरळसोट भिंत उभी असते. पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं, बांधांवर झाडं. नाक्यावर उतरणाऱ्यांत पाठीवर सॅक घेतलेले ट्रेकर असतात, तशी तालुक्याची कामं उरकून परतणारी माणसंही. पुढे वैशाखरे, तिथून नाणेघाटाची पायवाट. मग मोरोशी आणि माळशेज. सातवाहनांच्या काळापासून कोकणातला माल याच पट्ट्यातून देशावर चढला. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण नाणेघाटाच्या माथ्यावर आजही आहे.

याच बाजूनं रेल्वेही जायची होती. १८४० च्या दशकात जॉन चॅपमन यांनी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची योजना मांडली, तेव्हा गाडी माळशेज चढून आळ्याकडे न्यायचा विचार होता. जेम्स बर्कली या इंजिनिअरच्या पाहणीनंतर बोर आणि थळ हे दोन घाट ठरले. १८५४ मध्ये गाडी कल्याणला आली, १८६३ मध्ये बोरघाट चढली, १८६५ मध्ये थळघाट. टोकावड्याच्या वाट्याला रस्ताच राहिला.

इकडे घाटात सुरुंग उडत होते, त्याच वर्षांत इंग्लंडमध्ये फुटबॉलचे नियम लिहिले जात होते. रूळ आणि मैदान एकाच आयुष्यात भेटतात ते मेजर फ्रान्सिस मॅरिंडिन यांच्या. त्यांचा टोकावड्याशी थेट संबंध नाही. पण माळशेजच्या रस्त्यावर रेल्वेचा विषय निघाला की या माणसाची आठवण काढावीच.

जन्म १८३८ चा, वेमथचा. ईटनला शिक्षण, मग रॉयल इंजिनिअर्स हे लष्करी दल आणि क्रिमियाचं युद्ध. फुटबॉलच्या एफए कपचा पहिला अंतिम सामना १६ मार्च १८७२ रोजी लंडनच्या ओव्हलवर झाला. त्यात मॅरिंडिन इंजिनिअर्सच्या संघाचे कप्तान होते. सुरुवातीलाच क्रेसवेल या खेळाडूचं गळ्याजवळचं हाड मोडलं. बदली खेळाडू तेव्हा नसत. तो तसाच शेवटपर्यंत खेळला. समोरच्या वाँडरर्स संघानं एका गोलनं सामना जिंकला. इंजिनिअर्सच्या संघातला आल्फ्रेड गुडविन पुढे हिंदुस्थानात आला आणि १८७४ मध्ये रुडकीला वारला. १८७५ मध्ये इंजिनिअर्सनी कप जिंकला, पण मॅरिंडिन खेळले नाहीत. समोर ओल्ड ईटोनियन्स, म्हणजे त्यांच्याच शाळेचे माजी विद्यार्थी होते. दोन्हीकडे आपली माणसं, म्हणून ते बाजूला राहिले, असं सांगतात.

हाच स्वभाव रेफरीच्या कामी आला. तेव्हा दोन्ही संघ आपापला पंच आणत. त्या दोघांचं जुळलं नाही, तरच रेषेबाहेरच्या रेफरीला विचारायचं. मॅरिंडिन यांनी १८८० चा अंतिम सामना सांभाळला, नंतर १८८४ ते १८९० सलग सगळे. शिवाय १८७४ पासून १८९० पर्यंत ते फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्ष होते. १८८८ च्या अंतिम सामन्याआधी प्रेस्टनच्या संघाला कपडे मळायच्या आत कपसोबत फोटो काढायचा होता. आधी जिंका तर खरं, असं मॅरिंडिन म्हणाल्याची आठवण फुटबॉलवाले अजून काढतात. प्रेस्टन हरलं.

पोटापाण्याचं काम मात्र वेगळं. १८७७ पासून ते सरकारी रेल्वे निरीक्षक. अपघात झाला की जागेवर जायचं, सिग्नल तपासायचे, जबान्या घ्यायच्या. नोव्हेंबर १८९२ मध्ये इंग्लंडमधल्या थर्स्कजवळ दोन गाड्या धडकल्या, १० माणसं गेली. सिग्नलमन जेम्स होम्स याची तान्ही मुलगी आदल्याच दिवशी वारली होती. त्यानं बदली माणूस मागितला, मिळाला नाही. रात्री केबिनमध्ये त्याचा डोळा लागला. या अपघाताची चौकशी मॅरिंडिन यांनी केली, आणि त्यात एकट्या होम्सकडे बोट दाखवून भागण्यासारखं नव्हतं. पुढच्याच वर्षी रेल्वे कामगारांच्या कामाच्या तासांचा कायदा झाला. मॅरिंडिन यांच्या साऱ्या अंतिम सामन्यांहून हे काम मोठं वाटतं. १९०० मध्ये ते वारले.

टोकावड्याहून परतीची गाडी मुरबाडवरून कल्याण गाठते. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी इथे फार जुनी आहे. ती गाडी धावेल, तेव्हा प्रवासी बसण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्त नव्या रुळांची, पुलांची, सिग्नलची तपासणी करतील. ब्रिटनमध्ये मॅरिंडिन हेच काम करत.