फूलबागेतील निशिगंध

ग्वाल्हेरच्या जूनमध्ये बाजारातून घरी पोचेतो फुले माना टाकतात. नेमक्या याच दिवसांत, १८ जूनला, राणी लक्ष्मीबाईंची पुण्यतिथी येते. १८५८ साली जेथे राणीसाहेबांना अग्नी दिला गेला, त्या फूलबागेतील समाधीवर निशिगंध वाहण्याचा आमच्या घरचा जुना नेम आहे.

गतवर्षी आदल्या सायंकाळी आणलेल्या दांड्या तांब्यात उभ्या करून आम्ही निश्चिंत झालो. पहाटे पाहतो तो कळ्या पिवळट, माना झुकलेल्या! तशीच फुले वाहताना मनस्वी ओशाळलो. खोली गार म्हणून निवडली होती. पण तेथेच आंब्यांची आढी होती, आणि पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू फुलांना अकाली म्हातारे करतो. त्यात कूलरचा झोत थेट फुलांवर!

यंदा खालच्या एकदोनच कळ्या उमललेल्या दांड्या घेतल्या. निशिगंध खालून वर उमलत जातो. घरी येताच देठांची टोके पाण्याखाली धरून तिरकी छाटली, म्हणजे देठात हवेचा बुडबुडा अडकत नाही. पाण्यात बुडणारी पाने काढली. ती कुजली की जंतू वाढून देठांच्या वाहिन्या तुंबतात. भांडे घासून घेतले, ही सूचना अर्थातच सौभाग्यवतींची. रात्री एकदा पाणी बदलले, आढीपासून दूर, माजघराच्या कोपऱ्यात ओल्या फडक्याच्या आडोशास दांड्या ठेवल्या.

पहाटे वरच्या आणखी दोन कळ्या उमलल्या होत्या. ऊन चढण्यापूर्वी आम्ही फूलबागेची वाट धरली.