पाणी कुठे मुरले?

२०१४च्या विधानसभा निवडणुकीआधी वरणगावात विरोधकांचे सारे म्हणणे एका आकड्यात मावत असे: सिंचनावर सत्तर हजार कोटी खर्चून दशकभरात वाढ ०.१ टक्का. आकडा २०११-१२च्या आर्थिक पाहणीतून काढलेला. सरकारची श्वेतपत्रिका ५.१७ टक्के सांगे. विरोधी पक्षनेते एकनाथ खडसे शेजारच्या मुक्ताईनगरचे आमदार. हतनूर धरण जवळ, तरी वरणगाव-तळवेल उपसा योजना रखडलेली. तो आकडा आम्हांला निव्वळ प्रचार वाटला नाही. आम्ही विश्वास ठेवला.

पुढे सत्ता पालटली. २०२० साली खडसे राष्ट्रवादीत गेले. ज्यांच्यावर आरोपाचा रोख होता ते अजित पवार २०२३ साली भाजपबरोबर सत्तेत बसले. वादी-प्रतिवादींनी जागा बदलल्या.

लेखक बाजूला ठेवून संहिता वाचावी, असे आम्ही वर्गात शिकवतो. ही संहिताही तशीच वाचावी लागते. आरोप करणारे आरोप विसरले, म्हणून पाणी कुठे मुरले हा प्रश्न खोटा ठरत नाही.