न तुटणारा दोरा

गळ टाकून नदीकांठीं बसलेल्या मनुष्याकडे पाहून जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या मनांत बहुधा दोनच विचार येतात: हा मनुष्य बेकार असावा, किंवा घरीं त्याचें कांहींतरी बिनसलें असावें. आमच्याविषयीं हे दोन्ही तर्क आमच्या विद्यार्थ्यांनीं करून झाले आहेत. महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवून पोट भरणारा, पन्नाशी उलटलेला गृहस्थ दर रविवारीं सांगलीहून हरिपुरास जातो, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या खालच्या अंगास एका दगडावर बसतो आणि दोन प्रहरीं बहुधा रिकाम्या हातानें परततो, याची उपपत्ति दुसरी कशी लावावी? खरी हकीकत अशी कीं, आयझॅक वाल्टनचा १६५३ सालचा ‘कंप्लीट अँग्लर’ हा ग्रंथ वर्गांत शिकवतां शिकवतां त्यांतील गद्याबरोबर त्यांतलें व्यसनही आम्हांस जडलें.

या व्यसनांत आम्हांस एक गोष्ट कळली. काठी, गळ किंवा आमिष यांच्या बाबतींत मनुष्य चुकला, तर नदी त्यास त्याच दिवशीं सांगते. दोऱ्याच्या बाबतींत चुकला, तर ती फार उशिरां सांगते.

पहिला दोरा घेण्यास आम्ही दुकानांत गेलों तेव्हां दुकानदारानें विचारलें, “किती किलोचा तंगूस देऊं?” तंगूस म्हणजे नायलॉनचा एकपदरी दोरा, हें आम्हांस ठाऊक होतें, किलोचा हिशेब मात्र ठाऊक नव्हता. जितक्या वजनास दोरा तुटतो तितक्या किलोचा तो, असें त्यानें समजाविलें. आयुष्यभर गुणांच्या याद्या तपासलेल्या मनुष्यास मोठा आंकडा तो चांगला, हें निराळें सांगावें लागत नाहीं. आम्ही १५ किलोचा, अर्धा मिलिमीटर जाडीचा दोरा घेतला. कृष्णेंत १५ किलोचा मासा आमची वाट पाहत आहे असा आमचा समज होता असें नाहीं. पण आलाच तर आपली तयारी असावी, एवढीच नम्र इच्छा होती.

आमची पद्धत तरंगत्या काडीची. मोरपिसाच्या दांड्याची वीतभर काडी, तिच्या खालीं दोऱ्यावर शिशाचे चार बारीक दाणे आणि शेवटीं गळ. काडी उभी राहून प्रवाहाबरोबर चालूं लागली कीं खालीं आमिषही तिच्यासंगें चालतें. या सर्व खटाटोपाचें मर्म एकच: हें गांडूळ कोणीं बांधलेलें नाहीं, असें माशास वाटलें पाहिजे. आमची काडी मात्र पांचसात हात जाई आणि मग तिरकी होऊन कांठाकडे ओढली जाई. तीन रविवार असे गेल्यावर शेजारीं बसणारा एक वृद्ध भोई आमच्या रिळाकडे पाहून म्हणाला, “सर, ह्यो दोरा न्हवं, म्हशीचं दावं हाय.”

“मामा, तुटूं नये म्हणून जाड घेतला.”

“तुटायला आधी मासा लागाय पायजे न्हवं!”

तर्कशास्त्राच्या प्राध्यापकासही याहून सरस उत्तर देतां आलें नसतें. मामांच्या बोलण्याचा अर्थ पुढें पाण्याकडे पाहतां पाहतां उलगडला. नदी सर्वत्र एका गतीनें वाहत नाहीं. मध्यभागीं ती वेगवान, कांठाशीं मंद. वरच्या थरांत चपळ, तळाशीं घर्षणामुळें सुस्त. कांठावरील काठीपासून मध्यावरील काडीपर्यंत पाण्यावर पडलेल्या दोऱ्यास हे सारे वेग एकाच वेळीं सोसावे लागतात, आणि त्याचें धनुष्य होतें. हें धनुष्य काडीस ओढूं लागलें कीं आमिष सरळ वाट सोडतें, आणि बांधलेपणा उघडा पडतो. निपुण मनुष्य काठीचें टोक उचलून दोरा प्रवाहाच्या वरच्या अंगास हलकेच टाकतो आणि धनुष्य मोडतो. पण दोरा जाड असला तर उचलतांना काडीही उचलली जाते. जाडी दुप्पट केली तर दोऱ्याचें बळ चौपट होतें, हें भूमितीचें सत्य दुकानदार सांगतो. पाण्याची ओढही दुप्पट होते, हें सांगण्याचें काम तो नदीवर सोडतो.

चूक कळली कीं आमच्यासारखीं माणसें दुसऱ्या टोकास धांवतात. आम्ही दशांश मिलिमीटरचा, केसासारखा दोरा आणिला. काडी आतां पिसासारखी चालूं लागली, मासे लागूं लागले. एका सकाळीं काडी एकाएकीं बुडाली, काठी वांकली आणि लगेच सरळ झाली. दोरा वर, रिळाजवळ तुटला होता. थोड्या वेळानें पलीकडच्या संथ पाण्यांत आमची काडी वर आली, चार हात चालली, पुन्हा बुडाली. मासा आमचा गळ, शिसें आणि मोरपीस घेऊन हिंडत होता. अर्धा तास आम्ही ती काडी बुडतांना आणि उगवतांना पाहत बसलों. मासा हातचा गेला याचें दुःख ओसरून त्याच्या जागीं दुसरें कांहीं केव्हां आलें, हें कळलेंही नाहीं.

मग मधला मार्ग शिकलों. मुख्य दोरा ०.१८ मिलिमीटरचा, अडीच किलोच्या सुमाराचा. त्याच्या टोकास हातभर तुकडा त्याहून बारीक, ०.१४ चा, आणि त्यास गळ. तुटण्याची पाळी आलीच तर हा तुकडाच आधीं तुटावा, आणि माशाबरोबर शक्य तितकें थोडें जावें. गांठ आवळण्यापूर्वीं ती थुंकीनें ओली करावी. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेनें दोरा तेथेंच दुबळा होतो. कोठें तुटावें हें आधीं ठरवून ठेवणें, हीच दोऱ्याची निवड, असें आम्ही समजूं लागलों. आणि या शोधावर आम्ही इतके खूष झालों कीं त्याच दोऱ्याचा दुसरा गुण तपासून पाहण्याचें आमच्या मनांत आलें नाहीं.

तो गुण न कुजण्याचा. वाल्टनच्या काळीं घोड्याच्या शेपटीचे केस पिळून दोरा करीत. मागाहून रेशमी दोरा आला, आणि त्याच्या टोकास रेशमाच्या किड्याच्या ग्रंथि ओढून काढलेला तंतु बांधूं लागले. स्पेनमधील मुर्सिया हें त्या धंद्याचें मोठें ठिकाण. हा तंतु कोरडा असतां ठिसूळ, म्हणून गांठ मारण्यापूर्वीं भिजत घालावा लागे. रेशमी दोरा ओला राहिला तर कुजे, म्हणून घरीं येऊन वाळवावा लागे. १९३५ सालीं अमेरिकेंत ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेंत वॉलेस कॅरोथर्स यानें नायलॉन तयार केलें, १९३८ सालीं तें जगापुढें आलें, आणि या सर्व कटकटी मिटल्या. ‘हा दोरा कुजत नाहीं,’ असें आम्ही मित्रांस मोठ्या अभिमानानें सांगत असूं.

पांठीमागें एक बाभूळ पाण्यावर झुकलेली आहे. दोरा फेंकतांना तिच्या फांद्यांत अनेकदां अडके. आम्ही तो हातापाशीं तोडीत असूं आणि नवा बांधीत असूं.

एका हिवाळ्यांत त्या बाभळीस एक ढोकरी लटकलेली दिसली. दोऱ्याचा एक वेढा पंखास, दुसरा पायास. मरून दोनतीन दिवस झाले असावेत. मामांनीं विळ्यानें फांदी तोडली आणि पक्षी खालीं घेतला. दोरा फिकट हिरवा होता; त्यावर शिशाचे चार दाणे होते.

“तुमचाच हाय, सर,” मामा म्हणाले. त्यांच्या स्वरांत आरोप नव्हता. वाटेंत पडलेली छत्री ओळखावी तसें त्यांनीं तें सांगितलें. मग दोरा बोटाभोंवतीं गुंडाळीत ते म्हणाले, “आमचा बा सुताचा दोरा वापरायचा. फांदीला अडकला तर अडकला, पावसाळ्यात कुजून जायचा. ह्यो कुजत न्हाई.”

आमचेंच वाक्य, आणि तें आम्हांस ऐकवलें नाहीं.

त्यानंतर बाजारांत नवे दोरे पुष्कळ आले. फ्लुओरोकार्बनचा दोरा पाण्यांत कमी दिसतो, पण लवकर बुडतो. म्हणून गळाजवळ बरा, काडीच्या वर वाईट. विणलेला दोरा बारीक असून बळकट आणि तरंगणारा, पण ताणत नाहीं, म्हणून माशाच्या झटक्यास तो मुळींच सवलत देत नाहीं. दोघांपैकीं पावसाळ्यांत कुजून जाणारा एकही नाहीं. आम्ही पुन्हा ०.१८ च्या नायलॉनवरच स्थिर आहों. उन्हानें तो दुबळा होतो, म्हणून दरसाल बदलतों. काढलेला दोरा, तुटलेले तुकडे, फसलेल्या गांठी, सर्व चहाच्या एका जुन्या डब्यांत घरीं येतें आणि तेथें त्याचे कात्रीनें बारीक तुकडे होतात. नदीवरून निघण्यापूर्वीं टोकास आंकडी लावलेला एक वेळू घेऊन बाभळीखालीं उभे राहण्याचाही आतां परिपाठ आहे.

मागील रविवारीं एकही मासा लागला नाहीं. वेळूनें मात्र चारपांच तुकडे उतरले. त्यांत एक फिकट हिरवा होता. तो कोणाचा, हें आम्ही मामांस विचारलें नाहीं.