टाका कुठे घ्यायचा

म्हाताऱ्या माणसाच्या महाधमनीतल्या फुग्यात चुन्याचे कडक पापुद्रे लागतात, पण भोवतालचं सहसा सुटं असतं. मुख्यतः तरुण मुलींना होणाऱ्या ताकायासू आजारात भिंतीचे तिन्ही थर सुजतात. बहुतेकींच्या धमन्या अरुंद होतात, काहींच्या फुगतात. पोट उघडलं की जाड, पांढरट महाधमनी दिसते आणि शेजारच्या शिरा तिला चिकटून बसलेल्या असतात. क्लॅम्पपुरती जागा सोडवतानाच घाम फुटतो. दाह धगधगत असेल, तर ओल्या पुठ्ठ्यातून यावा तसा टाका भिंत कापत बाहेर येतो.

म्हणून धड भिंत लागेपर्यंत वर-खाली सरकत जायचं आणि डेक्रॉनची नळी तिथेच जोडायची. प्रोलीनच्या टाक्यांखाली फेल्टची पट्टी ठेवली की दोऱ्याचा ताण तिच्यावर येतो. क्लॅम्प मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या वर लावावा लागला, तर मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा तेवढा वेळ बंद, त्यामुळे हात भरभर चालवावा लागतो. तरीही जागा निवडताना घाई नको. आजारी भागात घेतलेल्या जोडावर काही वर्षांनी नवा फुगा येऊ शकतो.

जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी 1908 साली एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांत या आजाराची खूण नोंदवली. आपल्याकडे तो पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या फार धरतो. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन, डॉ. परुळकर आणि सहकाऱ्यांनी अशा 101 रुग्णांवर ग्रंथ लिहिला. सेन सरांचं नाव 1968च्या हृदयरोपणामुळे लोकांना माहीत आहे. माझ्या लेखी तो ग्रंथ अधिक मोलाचा.

घाटकोपर-मुलुंडकडच्या मुली माझ्याकडे अजूनही उशिरा येतात. डाव्या हाताची धमनी बंद असली की त्या हाताचा रक्तदाब कमी दिसतो आणि अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं जातं. तोच पायात मोजला तर भडकलेला निघू शकतो. फॅमिली डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे: तरुण मुलीच्या दोन्ही हातांच्या नाड्या बघा, पोटावर स्टेथोस्कोप ठेवा.

फुगा दुखत नसेल, झपाट्याने वाढत नसेल, तर मी थांबतो. आधी स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट. "डॉक्टर, पोटात हे असं उडतंय आणि पोरीला गर्दीच्या लोकलने पाठवू?" आई विचारते. तिची भीती खरी आहे. "ताई, भिंत निवली की टाका धरेल," एवढंच मी सांगू शकतो.

ईएसआर हा रक्तातला दाहाचा आकडा उतरला म्हणजे दाह गेलाच असं नाही. कापलेल्या भिंतीचा तुकडा मी पॅथॉलॉजीला पाठवतोच. रक्ताचे रिपोर्ट चांगले असतानाही त्यात दाहाच्या पेशी सापडतात. मग ऱ्हुमॅटॉलॉजिस्टशी बोलून औषधं पुन्हा ठरतात. घरच्यांना वाटतं, टाके काढले, सुटलो. पण जोडाची तपासणी आयुष्यभर करावी लागते. तरुण मुलींना वारंवार एक्स-रे किरण नकोत म्हणून शक्य तिथे एमआरआय. पुढे मूल हवं असेल, तर मेथोट्रेक्सेट पुरेसं आधी बंद करून दुसरं औषध लावावं लागतं. हे मी ऑपरेशनच्या आधीच बोलतो, आणि आधी मुलीशी, मग घरच्यांशी.