बारा काड्या

आमच्या बार्शीकडच्या भागात माणूस उसने पैसे मागताना दहादा विचार करील, पण तंबाखू मागताना नाही. बांधावर अनोळखी माणूस भेटला तरी हात पुढं करून म्हणतो, "काढा चंची." आणि कुणी नाही म्हणत नाही. मी दहावीच्या अभ्यासाला रात्री जागायचो तेव्हा झोप येऊ नये म्हणून चुलत्यांच्या चंचीतनं पहिली चिमूट उचलली. दहावी पास झालो, शाळा सुटली, तंबाखू राहिली. पुढं चाळीस वर्षं डाव्या गालात, खालच्या हिरडीच्या कडंला बार. कुळव धरताना बार, रात्री दारं धरताना बार, जेवण झालं की बार. मंडळी म्हणायची, "अवो, निजताना तरी थुका की." कधी थुकायचो, कधी तसाच झोपायचो.

2017 च्या पावसाळ्यात बरोबर त्याच जागी एक पांढरा चट्टा आला. तिखट लागलं की आग व्हायची. मंडळीनं आमटीतलं तिखट कमी केलं. मग चट्ट्याची जखम झाली. दुखत नव्हती, हीच त्यातली फसवणूक. दवाखान्यात दाखवलं तर, तोंड आलंय, पोट साफ नाही, म्हणून गोळ्या दिल्या आणि लावायला मलम. तीन महिने मलम लावलं. आता मी बांधावर भेटेल त्याला सांगतो की तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर मलम लावत बसू नका, तुकडा तपासून घ्या. पण तेव्हा मला हे सांगणारं कुणी नव्हतं.

दसऱ्याच्या सुमाराला खालची दाढ हलायला लागली. दात उपटून घ्यावा म्हणून दाताच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी दात राहू दिला बाजूला आणि म्हणाल्या, "काका, तुमचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घाला." माझी दीड बोटं गेली. कधीपास्नं तोंड उघडत नव्हतं, मला पत्ता नाही. भाकरीचा घास लहान होत गेला होता, तेवढंच. बाईंनी चिठ्ठी लिहिली आणि तुकडा तपासायला सांगितला.

आता गावात तुकड्याचं भ्या फार. सुरी लागली की रोग पसरतो, असं जो तो म्हणतो. मेहुण्यांनी तर शपथच घातली. त्यांच्या ओळखीचा एक झाडपाल्याचा माणूस होता, त्याच्याकडं एकवीस दिवसांचं औषध. ते घेतलं. एकवीस दिवसांनी मानेत गाठ हाताला लागली, हरभऱ्याएवढी. तुकड्यानं रोग पसरत नाही. पसरतो तो आपण घालवलेल्या दिवसांनी, हे मला त्या गाठीनं सांगितलं.

कुर्डुवाडीहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरून पहाटे दादरला उतरलो आणि परळला टाटा हॉस्पिटलात गेलो. राहायला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. तिथं गेल्यावर आपलं दुःख एकट्याचं नाही हे कळतं. कुणाला नाकात नळी, कुणाचा गाल शिवलेला, कुणाच्या गळ्याला भोक. पहिल्या दिवशी मी मान खाली घालून जेवलो. दुसऱ्या दिवशी बघायला लागलो. तिसऱ्या दिवशी विचारायला लागलो, कारण महिन्याभरात आपणही असेच दिसणार हे ध्यानात आलं होतं.

सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी समोर बसवून कागदावर जबडा काढून दाखवला. रोग लवकर सापडला असता तर नुसत्या ऑपरेशनवर भागलं असतं. आता त्यानं हाड धरलंय, मानेत गाठ आहे. म्हणजे डाव्या बाजूचा जबडा कापायचा, मानेतल्या गाठी साफ करायच्या आणि वर शेक द्यायचा. एकट्या शेकानं हाडातला रोग बरा व्हायची आशा कमी. ऑपरेशन नकोच असलं तर औषधानं काही काळ रोखून धरता येईल, बरा करता येणार नाही.

मग दुसरा प्रश्न. जबडा काढल्यावर जो खड्डा पडतो तो कशानं भरायचा? एक, छातीचं मांस कातड्यासकट वर फिरवून गालात बसवायचं. दोन, पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड काढून त्याचा जबडा करायचा. ते हाड काढलं तरी माणूस चालतो, असं डॉक्टर म्हणाले. पण ते ऑपरेशन फार लांबतं, बारीक रक्तवाहिन्या जोडाव्या लागतात. रोग मागच्या बाजूला असल्यानं छातीच्या मांसावरही भागेल, असं त्यांचं मत. मी लगेच म्हणलं, "छातीचंच घ्या साहेब, पायावर माझं सगळं शेत उभं आहे."

आज वाटतं, थोडं थांबायला पाहिजे होतं. पायाचं हाड बसवलेली दोन माणसं मी नंतर पाहिली. त्यांची हनुवटी सरळ आहे, एकाला तर त्या हाडात दातही बसवलेत. माझी हनुवटी डावीकडं सरकलीय. पण त्या वेळी मला दात दिसत नव्हते, औत दिसत होतं.

मी डॉक्टरांना विचारलं ते, किती दिवस जगंन. मंडळीनं एकच विचारलं, "जेवतील का?" डॉक्टर म्हणाले, "जेवतील, पण पहिल्यासारखं नाही." तिनं मान हलवली आणि कागदावर सही करायला मला पेन दिलं. योजनेत नाव बसलं म्हणून खर्चाचा मोठा भाग निघाला. राहिलेला निघाला गोठ्यातनं, एक म्हैस विकून.

2018 च्या फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तर नाकात नळी, गळ्यात नळी, छातीवर टाके आणि आवाज नाही. पोरानं वही-पेन दिलं. मी पहिलं वाक्य लिहिलं, 'ज्वारी काढली का'. पोरगं रडायला लागलं. मला कळंना, यात रडण्यासारखं काय आहे. ज्वारी काढायला आलीच होती. ती वही अजून आहे. आठवडाभरात गळ्यातली नळी निघाली, तरी मी लिहीतच राहिलो.

मानेतल्या दोन गाठींत रोग निघाला, त्यातल्या एकीचं कवच फुटलेलं. म्हणून शेकाबरोबर आठवड्याला एक सलाईनही लावायचं ठरलं. शेक घरच्या जवळ, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात घेतला. आठवड्यातनं पाच दिवस, सहा आठवडे, एकूण तीस शेक. तोंडाच्या मापाचा जाळीचा मुखवटा घालून टेबलाला जखडतात, डोकं हलू नये म्हणून. शेक काही जाणवत नाही, चारदोन मिनिटांत होतो. पहिले दोन आठवडे मला वाटलं, एवढंच होय? तिसऱ्या आठवड्यात कळलं. तोंडभर फोड, थुंकी गिळायची म्हणजे काच गिळल्यासारखं. एप्रिल-मेचं ऊन, मान भाजून काळी पडलेली. मंडळी नळीतनं दूध, अंडं, डाळीचं पाणी, सातूची पेज सोडायची, दर दोन तासांनी, घड्याळ लावून. ऑपरेशनपेक्षा हे अवघड गेलं. तेविसाव्या शेकाला मी म्हणलं, आता बास. ती काही बोलली नाही, पिशवी उचलून रस्त्यावर जाऊन उभी राहिली. एस.टी. आली तशी मीही चढलो.

शेकानं रोग जाळला आणि त्याबरोबर लाळही जाळली. ती पुरती परत आली नाही. आता खिशात चंची नसते, पाण्याची बाटली असते. दर घासाला घोट. चव मात्र हळूहळू आली. आधी गोड लागायला लागलं, खारट त्यामागनं. सात-आठ महिन्यांनी एक दिवस पिठलं पिठल्यासारखं लागलं आणि मी ताटावरनं उठून चुलीपाशी जाऊन सांगितलं.

एक गंमत सांगतो, हसलात तरी चालेल. छातीचं कातडं गालात आतनं लावलंय आणि माझ्या छातीवर केस. शेक सुरू व्हायच्या आधी तोंडात केस वाढायला लागले! जिभेला लागायचे. शेकानं ते झडले आणि बाहेरनं डाव्या गालाची दाढीही गेली. न्हाव्याला म्हणतो, अर्धेच पैसे घे. तो म्हणतो, आप्पा, अर्ध्या दाढीला जास्त जपावं लागतं.

मानेचं ऑपरेशन झाल्यापास्नं डावा हात खांद्याच्या वर जात नाही. पाटी डोक्यावर घेता येत नाही, कडब्याची पेंढी वर फेकता येत नाही. थायरॉईडची एक गोळी रोज सकाळी, मानेला शेक बसल्यामुळं. हे सगळं अंगवळणी पडलं. पंगत काही पडली नाही. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातनं आमटी गळते आणि मला ती गळताना कळत नाही, कारण तिथं स्पर्शच नाही. पहिल्या वर्षी पुतणीच्या लग्नात समोरच्या बाईनं नजर फिरवली. तिची चूक नव्हती. धर्मशाळेत पहिल्या दिवशी मीही तेच केलं होतं. पण त्यानंतर दोन वर्षं मी एकाही पंगतीला बसलो नाही. अक्षता टाकल्या की घरी यायचो आणि भिंतीकडं तोंड करून दुधातला काला खायचो. डॉक्टर दर खेपेला मान चाचपून 'रोग नाही' म्हणायचे. मी मान हलवायचो. पंगतीचं त्यांना कसं सांगायचं?

एका तपासणीच्या वेळी तिथल्या बाईंनी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्या. एकावर एक चळत करायची, दातांच्या मधी धरायची, थोडा वेळ थांबायचं, मग एक काडी वाढवायची. दिवसातनं पाच-सहा वेळा. सुरुवातीला माझ्या सात गेल्या. शेकानंतर तोंड आणखी आवळत जातं, व्यायाम सोडला की बंदच होत येतं. सोडून बघितलंय, दोन आठवड्यांत पाचावर आलो होतो. आता बारा जातात. नातू मोजतो. एक काडी चुकली तरी ओरडतो.

धर्मशाळेत यवतमाळकडचे एक अण्णा शेजारच्या खाटेवर होते. त्यांना स्वरयंत्राचा कॅन्सर, बिडीचा. त्यांच्यापुढं माझ्यापेक्षा मोठं कोडं होतं. स्वरयंत्र काढायचं आणि गळ्याला कायमचं भोक ठेवायचं, का शेक आणि सलाईनवर ते वाचवून बघायचं? त्यांनी शेक घेतला. आवाज राहिला, खरखरीत का होईना. दीड वर्षानं रोग उलटला आणि मग स्वरयंत्र काढावंच लागलं. आता भोकात बारीक झडप बसवलीय, बोट दाबून बोलतात. विहिरीत पोहणं गेलं, कारण पाणी सरळ फुप्फुसात जाईल. जड पोतं उचलायला दम धरता येत नाही. मी फोनवर विचारलं, "अण्णा, आधीच ऑपरेशन केलं असतं तर?" थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाले, "ते दीड वर्स तं बोललो नं मी. नातीले गोष्टी सांगतल्या." याच्यावर मी काय बोलणार?

राज्यात 2012 साली गुटख्यावर बंदी आली. टपरीवर तो आजही मिळतो, फक्त टपरीवाला मागं वळून काढतो. गेल्या साली माझ्या थोरल्याच्या विजारीच्या खिशात पुडी निघाली. धुताना सुनेच्या हाताला लागली, तिनं सासूला दिली, सासूनं माझ्यापुढं ठेवली. तीस वर्षांचा पोरगा, ज्यानं माझी नळी धुतलीय. मला ओरडता येत नाही, ओरडलं की शब्द फुटतात आणि तोंडातनं पाणी येतं. आणि कुठल्या तोंडानं ओरडू?

रात्री तोंड साफ करायच्या वेळी त्याला हाक मारली. "बॅटरी धर." एरवी ती मंडळी धरते. त्यानं धरली. मी जमेल तेवढं तोंड उघडलं, ओल्या कापसानं गालाच्या आतनं फिरवलं. छातीचं पांढरं कातडं, हिरडी संपते तो खड्डा, उरलेले चार दात. सावकाश केलं. बॅटरी हलली, मग स्थिर झाली. चूळ भरून मी खाली ठेवली तरी तो तिथंच उभा होता.

"आप्पा, दुखतं का?"

"न्हाय. तिथं काही कळतच न्हाय."

पुडी सुटली का म्हणाल, तर मला माहीत नाही. माझ्यासमोर खात नाही. पण आता रोज रात्री बॅटरी तोच धरतो, न सांगता.