लागलं तर तिथे मिळेल

दोन दिवसांच्या प्रवासाचं सामान आणि दहा दिवसांच्या प्रवासाचं सामान यांत आपल्या घरांत फारसा फरक नसतो. शनिवारी सकाळी गुहागरला निघायचं, रविवारी रात्री परत यायचं; तरी चार ड्रेस, दोन टॉवेल, चपलांचे तीन जोड, स्वेटर आणि ‘असू दे’ म्हणून इस्त्रीची एक साडी. गुहागर म्हणजे काही ओसाड माळ नव्हे. तिथे माणसं राहतात, दुकानं आहेत. सुईदोरा, छत्री, तापाची गोळी सगळं मिळतं. हे ठाऊक असूनही बॅगेची चेन लावायला दोघं लागतात.

मागच्या पिढीच्या सामानाला कारण होतं. उतरायचं ते धर्मशाळेत, नाहीतर नातेवाइकांच्या ओटीवर. तिथे सगळ्यांना पुरतील एवढी अंथरुणं कुठून असणार? म्हणून होल्डॉलमध्ये गादी-उशी गुंडाळलेली असायची. वाटेत पाणी कसं मिळेल याची खात्री नाही, म्हणून फिरकीचा तांब्या. त्याचं आट्यांचं झाकण घट्ट बसवलं की एसटीने कितीही गचके खाल्ले तरी थेंब सांडत नसे. फडक्यात बांधलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहत. त्या सामानातली एकेक वस्तू एकेका अडचणीला उत्तर होती. अडचणी गेल्या, होल्डॉल माळ्यावर गेला, आणि त्याची जागा मात्र आपण कपड्यांनी भरून काढली.

याला चाकांचाही हातभार लागला. १९७२ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या सुटकेसचं पेटंट मिळालं. पुढे १९८७ च्या सुमारास रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने दांडा धरून उभी ओढायची बॅग तयार केली. फार उपयोगी वस्तू, यात शंका नाही. पण ओझं खांद्यावर होतं तोवर ‘आता पुरे’ हे खांदाच सांगायचा; चाकं काही सांगत नाहीत. विमानतळाच्या फरशीवर वीस किलो जाणवत नाहीत. कोकणातल्या घराकडे उतरणाऱ्या जांभ्याच्या पाखाडीवर तीच बॅग दोन्ही हातांनी उचलावी लागते.

माझी सवय मोडायला सुरुवात झाली ती पंच्यापासून. सोलापुरी टॉवेल घरी दांडीवर शोभतो. त्याचे फासे पाणी धरून ठेवतात आणि पावसाळ्यात तो दुसऱ्या दिवशीही ओलाच बॅगेत जातो. पंचा सुती आणि विरळ विणीचा. पिळून झटकला की खिडकीच्या गजावर तासाभरात वाळतो. उन्हात डोक्याला बांधता येतो, देवळात खांद्यावर घेता येतो, बाजारात आयत्या वेळी चार नारळ घेतले तर त्याचंच बोचकं होतं. घडी केली की तळहाताएवढा. एवढ्याशा कापडात इतकी कामं भागतात म्हटल्यावर मी बाकीच्या वस्तूंकडेही त्याच नजरेने बघू लागले. पावसात न वाळणारी जीन्स घरी राहिली. बॅग आधी ठरवायची आणि ती लहानच घ्यायची, हा नियम झाला, कारण सामान बॅगेच्या मापाने वाढतं. रोजची औषधं आणि चष्मा यांत मात्र काटकसर नाही. तान्हं बाळ किंवा आजारी माणूस बरोबर असेल तर हिशेबच वेगळा. तिथे दोन पिशव्या जास्त झाल्या तरी चालतील.

पण कपडे कमी करणं हा सोपा भाग. अवघड असतं ते मनातलं ‘लागलं तर?’ त्याचं उत्तर मला सासवडला मिळालं. माउलींच्या पालखीचा तिथे दोन रात्रींचा मुक्काम असतो. दिवे घाट चढून आलेली माणसं कपडे धुऊन घेतात, पाय शेकतात. एका वारकरी बाईंनी पिशवी उपडी करून वस्तू उन्हात मांडल्या होत्या. एक लुगडं, पांघरायची चादर, पावसासाठी प्लास्टिकचा कागद, ताटली-पेला, हरिपाठाची पोथी, बुक्क्याची डबी, गोळ्यांची पुडी. आळंदीपासून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. न राहवून विचारलं, “एवढ्यावर भागतं? मध्येच काही लागलं तर?”

“माउली, मी काय एकटी चाललेय का?” त्या म्हणाल्या आणि पोथीची पानं वाळली का ते बघू लागल्या.

खरंच होतं ते. तंबू आणि स्वयंपाकाची भांडी दिंडीच्या ट्रकमध्ये होती. वाटेवरची गावं भाकरी-पिठलं घेऊन उभी होती. आपण मात्र कुणाकडे काही मागावं लागू नये म्हणून कपाट बरोबर घेऊन निघतो आणि ज्यांच्या गावी जातो त्यांना आपल्यासाठी काही करायला जागाच ठेवत नाही. यजमानीणबाईंची शाल संध्याकाळी अंगावर घेतली की त्यांच्याशी बोलणं किती सहज सुरू होतं!

ओझ्यावर माझा सरसकट राग नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले, त्या धामधुमीत लुटले गेले, आणि तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. ‘माझा प्रवास’मधल्या त्या कावडीचं वजन कमी करावं असं कोण म्हणेल? म्हणून माझ्या बॅगेत आता कपड्यांची जी जागा वाचते तिथे गुहागरच्या काकूंसाठी बाकरवडी आणि त्यांच्या नातवासाठी गोष्टींची पुस्तकं जातात. येताना त्या आमसुलं आणि फणसाचे गरे देतात, आणि ते ठेवायला जागा शोधावी लागत नाही.