पोस्टकार्डावरचा प्रश्न

1956 साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके पलीकडच्या मुलखात गेले आणि आमचे गाव पैनगंगेच्या अलीकडेच राहिले. आजोबांच्या जमिनीचे दस्तऐवज उर्दूत आणि माझ्या नोकरीचे हुकूम तेलुगूत असलेल्या आमच्या घरात मराठी उरली ती देवघरापुरती, बोलण्यापुरती आणि पोथीपुरती. अशा वेळी वडिलांनी नांदेडहून आणलेले ‘यक्षांची देणगी’ हे विज्ञानकथांचे पुस्तक माझ्या हाती पडले, आणि आपल्या घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत विश्वाच्या रचनेविषयी इतके नेमके, इतके निःसंदिग्ध बोलता येते, हे मला डॉ. जयंत विष्णु नारळीकरांकडून प्रथम कळले. ते ऋण मी आजही मानतो.

केंब्रिजला फ्रेड हॉएल यांच्यासमवेत 1964 साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडणारा हा पुरुष 1972 साली स्वदेशी परतला, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाला आणि पुढे 1988 साली पुण्यात ‘आयुका’ या खगोलविज्ञानाच्या संस्थेचा संस्थापक संचालक झाला, हे सर्वविश्रुत आहे. मला मात्र अधिक भावते ती 1974 सालची गोष्ट. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली, आणि अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली. पहिले पारितोषिक तिलाच मिळाले. आपल्या कीर्तीचे वजन परीक्षकांच्या तराजूत पडू नये, एवढी दक्षता घेणारी माणसे मी फार पाहिली नाहीत.

स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत की, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही मिळेल. शिक्षक झाल्यावर हा प्रघात मी आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत उचलला. एका मुलीने लिहिले: ‘गुरुजी, रात्री अंधार का पडतो? सूर्य मावळला म्हणून, हे सांगू नका; बाकीचे तारे असतातच ना?’ मी तिला आमच्या सागवनाचे उदाहरण दिले. घनदाट रानात कोणत्याही दिशेला पाहिले तरी नजर शेवटी एखाद्या खोडाला अडते. त्याप्रमाणे विश्व अनंत, अनादि आणि स्थिर असते, तर प्रत्येक दिशेला नजर कोठेतरी ताऱ्यावर टेकली असती आणि सारे आकाश सूर्यबिंबासारखे तळपले असते. तसे होत नाही, याची कारणे दोन: विश्वाला आरंभ असल्यास फार दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश अद्याप पोहोचलेलाच नाही, आणि विश्व प्रसरण पावत असल्याने जो पोहोचतो तो क्षीण होऊन येतो.

बहुतेक शास्त्रज्ञ पहिल्या कारणाला अधिक वजन देतात; विश्वाला आरंभ न मानणाऱ्या नारळीकरांचा भर दुसऱ्यावर. 1965 साली सापडलेले सूक्ष्मलहरींचे पार्श्वप्रारण त्यांच्या पक्षाला प्रतिकूल ठरले, तरी 1993 साली हॉएल व बर्बिज यांच्यासह त्यांनी त्याच पक्षाचा सुधारित सिद्धांत मांडला. ज्यांच्यावर आपले प्रेम आहे ते अल्पमतात होते, हे मी मुलांपासून लपवीत नाही. तसे लपविणे हा त्यांच्या शिकवणुकीचाच अव्हेर झाला असता.

20 मे 2025 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हा शाळेला उन्हाळी सुट्टी होती. जूनमध्ये शाळा उघडताच मी वर्गात त्यांचे नाव सांगितले आणि पोस्टकार्डे वाटली. एका मुलाचा प्रश्न असा आला: विश्व प्रसरण पावते, तर आमच्या गावापासून आदिलाबादचे अंतर का वाढत नाही? मी उत्तर लिहिले की, प्रसरण जाणवते ते परस्परांपासून फार दूर असलेल्या दीर्घिकासमूहांमध्ये. सूर्यमाला गुरुत्वाकर्षणाने बांधलेली असल्याने तीदेखील वाढत नाही, आणि तुझ्या गावचा रस्ता तर ज्या खडक-मातीवर आहे तिचे अणू त्याहून कितीतरी प्रबळ अशा विद्युतबंधांनी जखडलेले आहेत. उत्तराखाली सही केली आणि त्याचा पुढचा प्रश्न मागविला.